खरजेचा किडा आणि डुकराची कातडी

[जत तालुका. सकाळ. मेंढरांचा वाडा.]

ही मडग्याळची मेंढरं. नाकाला बाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. कळपामागून येणारी ती शेळी बघा. बाभळीच्या बुंध्याला अंग घासतेय, थांबायचं नाव नाही. कानाची पाळ जाड झालीय, डोळ्यांभोवतीचे केस गेलेत. खरूज.

[खरवड. काचपट्टी. सूक्ष्मदर्शक.]

डॉक्टर रक्त दिसेपर्यंत कातडी खरवडतात. वरवर खरवडून भागत नाही, कारण खरजेच्या किड्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून राहते. पोटॅशमध्ये खपली विरघळली, आणि ही दिसली. अर्ध्या मिलिमीटरहून लहान. आखूड आठ पाय. शेजारी लांबट दिसतंय ते तिचं अंडं. अशी रोज दोन-तीन घालते.

जिवंत अंगावरून काढला की हा किडा काही दिवसांत मरतो. प्रयोगशाळेतल्या बशीत त्याची पैदास होत नाही. आणि साधी खरूज झालेल्या माणसाच्या अंगावर मिळून किडे असतात दहा-पंधरा. तेवढ्यांवर अभ्यास कसा करायचा?

इंग्लंडमध्ये शेफील्डला १९४१ साली केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांनाच खरजेची लागण करून पाहिलं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण. पहिल्या खेपेला खाज सुटायला महिनाभर लागला. बरे झाल्यावर पुन्हा लागण केली, तेव्हा खाज लगेच आली आणि किडे थोडेच वाढले. शरीर किड्याला ओळखत होतं. रुग्णांची पांघरुणं वापरूनही फार थोड्यांना खरूज झाली. ती पसरते मुख्यतः अंगाला अंग लागून. हे ठासून सांगतोय, कारण आपल्याकडे खरूज म्हटलं की लोक आधी अंघोळीची चौकशी करतात.

[मिरजेजवळचं वराहपालन.]

ही डुकरं प्रयोगातली नाहीत. पण कातडी बघा: विरळ केस, जाड थर, बरीचशी माणसासारखी. डुकरालाही खरूज होते. किडा तोच, फक्त वाण वेगळा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या संशोधकांनी नेमकं हेच धरलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत किडे असलेल्या खपल्या पिलांच्या कानात ठेवल्या आणि डेक्सामेथासोन देऊन प्रतिकारशक्ती दाबली. खरूज वर्षाहून जास्त टिकवता आली, हजारो किडे हाती आले. त्या पिलांनी खाज सोसली, हे लपवण्याचं कारण नाही.

त्यांच्या कातडीतून पुढे कळलं की खपल्यांच्या भीषण खरजेत इंटरल्युकिन-१७ हा दाह भडकवणारा घटक वाढतो. किड्याला रोखायला निघालेली प्रतिकारशक्ती कातडीलाच जाळते. औषधंही डुकरांवर तपासली गेली. खरजेवरचं आयव्हरमेक्टिन अंडी मारत नाही, म्हणून ते दोनदा द्यावं लागतं. मॉक्सिडेक्टिन शरीरात जास्त दिवस राहतं. २०१६ च्या अभ्यासात डुकरांवर त्याचा एकच डोस आयव्हरमेक्टिनच्या दोन डोसांपेक्षा सरस ठरला.

[ऊसतोड टोळीच्या कोप्या. संध्याकाळ.]

एका कोपीत पाच-सहा माणसं, अंगाला अंग लागून झोपलेली. ओरबाडलेल्या जागी जंतू शिरतात, त्यातून मूत्रपिंडालाही सूज येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेनं दुर्लक्षित आजारांच्या यादीत खरूज घातली ती २०१७ साली.

आज पर्मेथ्रिनचं मलम आलंय. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांतही. रात्रभर ठेवायचं. खाज असो वा नसो, कोपीतल्या सगळ्यांनी, एकाच रात्री.