टाइल्स लागण्याआधीची वायर

मघाशी एका काकूंनी विचारलं, "लेकाकडे इंग्लंडला भिंतीवरच्या एवढ्याशा डब्यातून थेट गरम शॉवर येतो. टाकी नाही, काही नाही. तसा आपल्याकडे का नाही बसवत?" बसवता येईल. पण आधी पाण्याचा हिशेब करू, विजेचा मागोमाग येतो.

लिटरभर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. तिकडे हिवाळ्यात नळाला समजा १० अंशांचं पाणी आहे आणि अंगावर ४० अंशांचं हवंय. मिनिटाला साडेचार लिटरची धार धरली तरी मिनिटाला १३५ किलोकॅलरी, म्हणजे जवळपास साडेनऊ किलोवॅट लागले. त्याला २३० व्होल्टने भागा, ४१ अँपिअर! म्हणून तिथे शॉवरसाठी मेन बोर्डापासून थेट १० एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद १० चौरस मिलिमीटर) जाड केबल आणतात. आता घरी जाऊन वीजबिलावरचा मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती वीज घ्यायची परवानगी आहे तो आकडा, वाचा. तीन-चार किलोवॅट असेल तर काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आपलं पाणी तेवढं गार नसतं, शिवाय आपण बादलीवाले. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर १५ लिटरची बादली २० अंशांनी तापवायला सात मिनिटं घेतो. करंट १३ अँपिअर. ऐकायला किरकोळ वाटतं.

एका घरी "जळका वास येतो" म्हणून गेलो होतो. प्लग उपसला तर एक पिन चॉकलेटी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक फुगलेलं. सॉकेट १६ अँपिअरचं, नवं कोरं. मागची वायर मात्र एक एमएमची, पंख्याच्या बोर्डातून उचललेली! मग एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, पडली कशी नाही? ती ३२ अँपिअरची होती. एमसीबी वायर सांभाळायला असते, गीझर नव्हे. वायर बारीक आणि एमसीबी दांडगी, म्हणजे राखणदार झोपलेला.

तीन किलोवॅटला अडीच एमएमची तांब्याची वायर आणि २०ची एमसीबी चालते. तरी मी चार एमएमच ओढायला सांगतो. उद्या साडेचार किलोवॅटचा गीझर आणलात तर त्याला जवळजवळ २० अँपिअर लागतील; तो १६च्या प्लगवर चालवायचाच नाही, दोन्ही तारा एकदम तोडणाऱ्या डीपी स्विचवरून थेट जोडायचा. वायरीतला फरक थोड्या रुपयांचा, बसवलेली टाइल फोडणं मात्र... ज्यांनी फोडलीय ते हसतायत बघा.

स्विच बाथरूमच्या बाहेर. अर्थिंगची हिरवी वायर बॉक्समध्ये नुसती दिसून उपयोग नाही. जुन्या इमारतींत ती पुढे कुठेच पोचत नाही, असं मी कितीदा पाहिलंय. काही बहाद्दर अर्थची पिन न्यूट्रललाच जोडतात. न्यूट्रल तुटला की गीझरच्या अंगावर फेज, म्हणजे जिवंत करंट! आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, हवीच. शॉक लागताना एमसीबी ढिम्म हलत नाही, आरसीसीबी पडते. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

टाइलवाला येण्याच्या आदल्या दिवशी भिंत खोदून केलेल्या झिरीतल्या वायरीच्या पाइपाशेजारी मोजायची टेप धरून भिंतीचा फोटो काढून ठेवा. गीझरचे बोल्ट मारायला येणारा माणूस वेगळा असतो, टाइलमागे वायर कुठे आहे ते त्याला कसं कळणार?