खासदाराची चिठ्ठी आणि वेस्ट पॉइंट

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्याकडे एनडीएत जायचं तर यूपीएससीची लेखी परीक्षा, मग एसएसबी, मग मेडिकल. खासदाराची ओळख तिथे कामाची नाही. अमेरिकेत मात्र वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायचं, तर सहसा काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्याने तुमचं नाव सुचवावं लागतं, आणि तेही कायद्यानेच. ॲनापोलिसला नौदलाच्या आणि कोलोराडोत हवाई दलाच्या अकादमीतही तसंच. म्हणजे वशिलाच की, असं म्हणाल. थोडं थांबा. सदस्य फक्त नाव सुचवतो. प्रवेश अकादमी देते. पुन्हा सांगतो: नाव सुचवणं वेगळं, प्रवेश वेगळा.

पूर्वी मात्र त्या चिठ्ठीत फार जोर होता. 1839 सालची गोष्ट ऐका. ओहायोतल्या जॉर्जटाऊन गावात जेसी ग्रँट कातडी कमवायचा. थोरला मुलगा हायरम युलिसिस. त्याला त्या धंद्याची शिसारी, जीव सगळा घोड्यांत. शेजाऱ्यांचा मुलगा वेस्ट पॉइंट सोडून परत आला आणि मतदारसंघाची जागा रिकामी झाली. नाव सुचवणार तिथला काँग्रेस सदस्य टॉमस हेमर, आणि जेसीचं हेमरशी राजकारणावरून बिनसलेलं! तरी बापाने अर्ज केला. मुलाला विचारलंच नाही. कळलं तेव्हा पोरगं म्हणालं, मी जाणार नाही. वडील म्हणाले, मला वाटतं तू जाशील. मग पोरालाही तसंच वाटू लागलं. (हल्ली मुलांना सगळं विचारतात, आणि क्लास शेवटी बापच ठरवतो. असो.)

हेमरची मुदत संपत आलेली. घाईत त्याने मधलं नाव आईच्या माहेरचं, सिम्प्सन, असेल असं धरलं आणि लिहून टाकलं: युलिसिस एस. ग्रँट. मुलगा पोचला, म्हणाला, हे माझं नाव नव्हे. पण यादीत लिहिलंय तेच खरं! यू. एस. म्हणजे अंकल सॅम, हे अमेरिकेचं टोपणनाव, म्हणून सोबत्यांनी त्याचा ‘सॅम’ केला. आपल्याकडे अशा एका अक्षरापायी लोक गॅझेटच्या चकरा मारतात. माझं तर मत आहे, शाळेचा दाखला दोनदा वाचल्याशिवाय घरी आणूच नये. तर, त्या हिवाळ्यात अकादमीच बंद करण्याचं विधेयक काँग्रेसमध्ये आलं, आणि हा पठ्ठ्या ते मंजूर व्हावं म्हणून वर्तमानपत्रांवर डोळा ठेवून! झालं नाही. 1843 साली तो 39 जणांत एकविसावा आला. 1865 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती जनरल ली त्याच्यापुढे शरण आला, 1869 मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. सही शेवटपर्यंत यू. एस. ग्रँट.

वेळ थोडा उरलाय. आज प्रत्येक सदस्याच्या नावावर एका अकादमीत एका वेळी पाच विद्यार्थी असू शकतात. जागा झाली की अनेक नावं जातात, बहुतेक कार्यालयं आधी मुलाखती घेतात. नातवंडं तिकडे असतील तर सांगा: दोन्ही सेनेटर, आपल्या भागाचा प्रतिनिधी आणि उपराष्ट्राध्यक्ष, सगळ्यांकडे अर्ज करावा. मुलगा वा मुलगी अमेरिकेची नागरिक हवी, ग्रीन कार्ड पुरत नाही. लग्न झालेलं नसावं. शिकायला फी नाही, पण पुढे किमान पाच वर्षं नोकरी. आणि कोस्ट गार्डच्या अकादमीला कुणाचीच चिठ्ठी लागत नाही, तिथे थेट अर्ज करता येतो.

नमस्कार.