शेजाऱ्यांसाठी लावलेले दिवे

(न्यू जर्सीतील आपल्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

अध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद आणि तिळगूळ घेतल्यावरही गोड बोलण्याची हमी न देणाऱ्या माझ्या पुणेकर मित्रहो,

'परदेशातील आपले सण' या विषयावर बोलावे असे मला सांगण्यात आले होते आणि मी त्याची रीतसर तयारीही केली होती; परंतु डिसेंबरमध्ये माझ्या धाकट्या मुलीने विचारलेल्या एका प्रश्नामुळे ते टिपण घरीच ठेवून आलो आहे. मी शिडीवर उभा राहून ख्रिसमसच्या दिव्यांसाठी छपराच्या पन्हळीला प्लास्टिकच्या चिमट्या लावत होतो, शिडी धरण्याचे काम तिच्याकडे होते. खालून आवाज आला, "बाबा, हे दिवे आपल्याला घरातून दिसतच नाहीत. म्हणजे आपण ते शेजाऱ्यांसाठी लावतो, हो ना? मग गणपतीला आपण शेजाऱ्यांना का नाही बोलावत?" मी तिला शिडी नीट धरायला सांगितले.

तिच्या बोलण्याचा पहिला भाग निर्विवाद खरा आहे. छपराच्या कडेची माळ घरात बसलेल्या माणसाला दिसत नाही, तिचे बिल मात्र त्यालाच येते. ही हौस आपल्या न्यू जर्सीला नवी नाही. ओक ट्री रोडवर आपण मेथी आणि कढीपत्ता आणायला जातो, तिथून मेन्लो पार्क अगदी जवळ आहे. १८७९ च्या ३१ डिसेंबरला एडिसनने आपल्या विजेच्या दिव्यांचे जाहीर प्रात्यक्षिक तिथेच दाखवले आणि ते पाहायला येणाऱ्यांसाठी खास आगगाड्या सोडाव्या लागल्या. पुढे तीनच वर्षांनी त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधील आपल्या घरी ख्रिसमसच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले, झाड गरागरा फिरते ठेवले आणि ते वार्ताहराला दाखवले. गणपतीमागच्या फिरत्या चक्रासमोर ज्यांचे बालपण गेले, त्यांना या गृहस्थाची ओळख वेगळी करून द्यायला नको.

व्हेराझानो पूल ओलांडून ब्रुकलिनच्या डायकर हाइट्सला आपल्यापैकी अनेक जण जाऊन आले असतील. तिथली ख्रिसमसची रोषणाई पाहायला बस भरभरून माणसे येतात, गाड्या उभ्या करायला जागा उरत नाही आणि तिथले रहिवासी वैतागतात. मला तिथे घरी आल्यासारखे वाटले. गणपतीच्या दहा दिवसांत दाराला कुलूप लावून गावाला निघून जाणारी पेठेतली कुटुंबे आपण पाहिलेली आहेत, आणि रात्री बारानंतर नातूबागेच्या गणपतीची रोषणाई गाठण्यासाठी वडिलांचा हात धरून टिळक रस्त्याने फरफटत चाललेलेही आपणच आहोत. आराशीचा खर्च वर्गणीतून होत असे, पण ती पाहायला आलेल्या माणसाला वर्गणीची पावती कोणी विचारत नसे.

त्या आराशीत माझाही वाटा होता, असे मी मुलांना अनेकदा सांगतो. खरे तर पुण्यातल्या आमच्या गणपती मंडळाने माझी योग्यता लवकर ओळखून मला टेस्टर धरून बसवले होते. तपकीर गल्लीतल्या विजेच्या दुकानातून आणलेल्या माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ जाई, आणि तो एक कोणता हे शोधण्यात माझी संध्याकाळ सरत असे. आता एलईडीमुळे ती नोकरीही गेली. इथल्या जुन्या मोठ्या बल्बला प्रत्येकी ७ वॅट लागत, आता एक वॅटही लागत नाही; त्यामुळे विजेच्या बिलाचे कारण पुढे करून मागे राहण्याची सोय, जी आपल्याला विशेष प्रिय आहे, तीही उरलेली नाही.

यंदा आमच्या घरी वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. तुळशीचे लग्न झाले तरी आकाशकंदील उतरवायचा नाही, असे बायकोचे फर्मान निघाले. मी म्हटले, लोक काय म्हणतील? त्यावर उत्तर मिळाले, "अरे, कॅम्पात डिसेंबरमध्ये टांगलेल्या चांदण्या बघायला तूच मला स्कूटरवरून ईस्ट स्ट्रीटला न्यायचास. तेव्हा हा आपला सण नाही म्हणून कोणी हटकलं होतं का तुला?" कंदील राहिला. आठवड्याभराने समोरच्या आजोबांनी थांबून, ख्रिसमसची एवढी सुंदर चांदणी कुठून आणली, असे विचारले. मी त्यांचे मनापासून आभार मानले आणि विषय थंडीकडे वळवला. मुलगी शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहत राहिली, आणि शिडीखालून आलेला तो प्रश्न मला पुन्हा ऐकू आला.

आता थोडे आपल्याबद्दल बोलतो, रागावू नका. घरातला गणपती रस्त्यावर आणून त्याचा सार्वजनिक उत्सव १८९३ च्या सुमारास पुण्यात सुरू झाला. (पहिला कोणाचा, या वादात मी पडणार नाही, मला सुट्टीत पुण्याला जायचे असते.) आपण मात्र तो उत्सव सातासमुद्रापार आणून पुन्हा दाराआड नेला आहे. सोयीचा शनिवार, शाळेचे भाड्याचे सभागृह, दारात नोंदणी तपासणारा स्वयंसेवक आणि मोजून मागवलेली मोदकांची पाकिटे. ढोल-ताशाच्या आवाजाने चार घरे हादरतात, कुत्र्याला फिरवायला निघालेली एखादी बाई कुतूहलाने थांबून काय चालले आहे असे विचारते, आणि आपण तिला अत्यंत नम्रपणे सांगतो की हा खाजगी कार्यक्रम आहे. तीच माणसे डिसेंबरमध्ये आपल्या घरासमोर गाडी हळू करून दिवे पाहतात, तेव्हा आपण पडद्याआडून किती खूश होऊन बघत असतो!

कार्यकारिणीच्या अडचणी मला ठाऊक आहेत. विमा आहे, अग्निशमनाचे नियम आहेत, सभागृहात किती माणसे बसवायची याची मर्यादा आहे, आणि आयत्या वेळी वाढलेल्या पानांसाठी केटररचे बोलणे ऐकावे लागते ते आपल्या खजिनदारांना, मला नव्हे. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या सोडवता येतील असे मला वाटते.

मला जी चिंता वाटते, तिच्यावर मात्र असा उपाय सापडत नाही. दारावर तोरण लावावे की नाही, अंगणात रांगोळी काढली तर कोणाच्या डोळ्यांवर येईल का, अशी बोलणी हल्ली आपल्या घरांमध्ये हलक्या आवाजात होऊ लागली आहेत. ख्रिसमसचे दिवे लावणारे घर कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. उलट रांगेत अंधारे राहिलेले घर चटकन दिसते. म्हणून शिडीवर चढताना माझ्या मनात हौस किती असते आणि चारचौघांत वेगळे न दिसण्याची धडपड किती, याचा हिशेब मला मांडता आलेला नाही. समोरच्या आजोबांना मी कंदिलाचे खरे का सांगितले नाही, याचे कारणही बहुधा तिथेच कुठेतरी असावे. गणपतीची दारे खरोखर उघडली, तर कुतूहलाने येणाऱ्यांसोबत आणखी कोण येईल, हे आपल्यापैकी कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. आणि ती जोखीम केवळ आपली नाही, तिथे नाचणाऱ्या मुलांचीही आहे.

मार्चमध्ये सभागृहाच्या नोंदणीचा अर्ज भरायचा आहे. कार्यक्रम फक्त सभासदांसाठी की सर्वांसाठी खुला, असे दोन चौकोन त्यात असतात, आणि आजवर आपण पहिल्यावर खूण करून पुढे जात आलो आहोत. यंदा तो अर्ज भरण्यापूर्वी एक संध्याकाळ आपण सर्वांनी बसून यावर बोलावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. शक्य असल्यास मुलांनाही बोलवावे. चहा आमच्याकडे.