कुंडीतलं लिंबू बहराला आणताना

मंडळी, गच्चीवरच्या बागेचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते. लिंबाचं झाड हिरवंगार आहे, माणसाच्या उंचीचं झालंय, रोज पाणी घालतो, महिन्याला खत देतो, पण फूल म्हणून धरत नाही. आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे, आणि तेही कागदी लिंबापुरतं.

आधी झाडाचं वय आणि जन्म विचारा. कागदी लिंबाच्या एका बीतून बहुधा एकापेक्षा जास्त रोपं उगवतात आणि त्यातली बरीचशी हुबेहूब आईसारखी निघतात. म्हणून रोपवाटिकेत बियांपासूनची रोपं सर्रास मिळतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती ही लिंबाची जातसुद्धा रोपांवर येते. पण रोपाला चार-पाच वर्षं झाल्याशिवाय फुलाची अपेक्षा धरू नये. गुटी, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेलं कलम, असेल तर दोन-तीन वर्षांत फूल येतं. घेताना विचारायचं राहिलं असेल तर काटे बघा. लांब, दणकट काटे आणि सरळसोट वाढ दिसली, तर झाड अजून पोरवयात आहे. त्याला वेळ द्या, दुसरा उपाय नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. ते नसेल तर मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं काहीही लागू पडणार नाही.

आता वय झालंय, ऊन आहे, कुंडी दीड फूट व्यासाची आहे, तरी फूल नाही. अशा बहुतेक झाडांना मी एकच दुखणं पाहिलंय: त्यांना कधी विसावाच मिळालेला नाही. रोजचं पाणी आणि वरून युरिया किंवा भरमसाट शेणखत. नत्र आणि ओल सतत मिळत राहिली की झाड पालवी फोडत राहतं. पानात तयार झालेली साखर नव्या फुटीवर खर्च होते, फांदीत साठत नाही. वाढ थांबली की ती साठते आणि फांदीवरचा फुटायचा डोळा फुलाकडे वळतो. थंड मुलखात वाढ थांबवायचं काम थंडी करते. आपल्याकडे ते पाण्याच्या ताणावर, म्हणजे काही दिवस पाणी तोडण्यावर, सोपवावं लागतं.

आपले लिंबू-संत्र्याचे बागायतदार हेच करत आले आहेत. त्यांचे फुलांचे तीन हंगाम, म्हणजे बहार: जानेवारी-फेब्रुवारीतला आंबे बहार, जून-जुलैतला मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरमधला हस्त. तिकडे इटलीत सिसिलीचे शेतकरीही जून-जुलैत लिंबाच्या बागेचं पाणी तोडतात, ऑगस्टमध्ये फुलं घेतात आणि पुढच्या उन्हाळ्यात फळं विकतात. हस्त बहाराची फळं आपल्याकडेही उन्हाळ्यात येतात. तेव्हा भाव चांगला असतो, पण बागायतदाराला परतीच्या पावसाची धास्ती असते. पाऊस थांबवणं त्याच्या हातात नाही. तुमच्या मात्र आहे! कुंडी उचलून पत्र्याखाली, उन्हाच्या कडेला ठेवा, झालं. हा कुंडीचा फार मोठा फायदा आहे आणि तो कुणी वापरत नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

तरीही पहिल्यांदा करणाऱ्यांनी आंबे बहारच धरावा. डिसेंबरात हवा कोरडी आणि ऊन सौम्य असतं, झाड ताण सोसतं. मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर मृगासाठी ताण द्यायला जाऊ नका, झाड हातचं जाईल.

झाडावर तयार फळं असतील तर ती आधी उतरवा. मग पाणी बंद. शेतात भारी जमिनीत महिना-दीड महिना लागतो, पण कुंडीत माती ती केवढी! त्यामुळे दिवस मोजू नका, पान बघा. पहिल्यांदा दुपारी तीनच्या सुमाराला पानं मध्यशिरेवर दुमडून होडीसारखी होतात आणि संध्याकाळी पुन्हा उलगडतात. हे चालू द्या. पुढे अशी वेळ येते की सकाळीही पान दुमडलेलंच असतं, त्याची तकाकी गेलेली असते, खालची काही जुनी पानं पिवळी होऊन गळतात. इथे ताण पुरा झाला. याच्या पुढे एक दिवसही ताणू नका. कोवळे शेंडे वाळायला लागले म्हणजे उशीर झाला.

ताण तोडताना घाई नडते. वाळलेली माती खुरप्यानं वरवर हलवा, मुळं न दुखावता. कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि थोडं पालाशयुक्त (पोटॅशचं) खत मिसळा. मग आंबवणीचं, म्हणजे पहिलं, पाणी हलकं, जेमतेम माती भिजेल एवढं. तीन-चार दिवसांनी चिंबवणीचं, म्हणजे दुसरं, त्याहून जास्त. त्यानंतर नेहमीची पाळी. पहिल्याच दिवशी कुंडी तुडुंब भरली तर नुसती पालवी फुटते, कळ्या आल्या तरी गळतात.

दोन-तीन आठवड्यांत फिकट पोपटी फूट निघते आणि पानांच्या बगलेत तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या कळ्या दिसतात. या काळात फुलांवर कसलंही कीटकनाशक मारू नका, मधमाश्यांना येऊ द्या. फुलं पुष्कळ गळतील, त्यातली थोडीच धरतील. घाबरू नका, लिंबाचा स्वभावच तो आहे. मात्र हरभऱ्याएवढी झालेली फळं गळायला लागली तर पाण्याचा नेम चुकतोय असं समजा. एकदा कोरडं आणि एकदा चिंब असं झालं की फळं गळतात, मोठी झालेली तडकतात.

नव्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला तर नीट बघा, ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते. हातानं वेचा. बुंध्यातून सरळ वर जाणारे फुटवे, म्हणजे पाणसोट, दिसले की लगेच काढा. बाकी मोठी छाटणी बहराच्या काळात नको, ती झाडाला पुन्हा वाढीला लावते.

फुलापासून पाच-सहा महिन्यांत लिंबू तयार होतं. साल पातळ आणि तुकतुकीत झाली, हिरव्यावर पिवळी झाक आली की कात्रीनं देठ थोडा ठेवून काढा. ओढून तोडलं तर देठाजवळची साल फाटते आणि असं लिंबू टिकत नाही.