परीक्षकांचा निर्णय अंतिम? एलेना बेरेझ्नायाची गोष्ट

नमस्कार मंडळी!

"परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील." शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपासून गणेशोत्सवातल्या एकांकिकांपर्यंत हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावरून नुसतं जातं. निकाल लागतो, मग बाहेर चहाच्या टपरीवर दोन तास "आपल्याला मुद्दाम पाडलं" चालतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरून जातात.

पण एकदा असं झालं, की परीक्षकांचा निर्णय अंतिम राहिला नाही. आणि तेही ऑलिम्पिकमध्ये. २००२, अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी, फिगर स्केटिंगची जोडी स्पर्धा. एका सुवर्णपदकाची दोन झाली. त्यावर आजवर ढीगभर लिहिलं-बोललं गेलंय. फ्रेंच परीक्षक, सौदेबाजी, माफिया, सगळं. त्या गोंधळात एक बाई मात्र बाजूलाच पडली, आणि ती तर प्रत्यक्ष बर्फावर होती. तिचं नाव एलेना बेरेझ्नाया. आज तिच्याबद्दल बोलू.

(स्क्रीनवर: रशियाचा नकाशा, दक्षिणेकडे नेविन्नोमिस्क)

एलेनाचा जन्म ११ ऑक्टोबर १९७७ चा, गाव नेविन्नोमिस्क. दक्षिण रशियात, स्टाव्रोपोल प्रांतात. वयाच्या तेराव्या वर्षी ती सरावासाठी घर सोडून मॉस्कोला आली. अंगाने लहानखुरी. जोडी स्केटिंगमध्ये अशा मुली हेरल्या जातात, कारण तिला डोक्यावर उचलायचं असतं, हवेत फेकायचं असतं. हो, फेकायचं! थ्रो नावाचा प्रकारच आहे त्यात. मुलगा मुलीला फेकतो, ती हवेत गिरक्या घेते आणि काही मीटर लांब एका पायावर उतरते. आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की बागेत हेल्मेट घालून चाकांवर फिरणारी पोरं आठवतात. इथे मात्र पायाखाली धारदार पोलादी पातं असतं आणि डोक्यावर हेल्मेट नसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

तिचा पहिला मोठा जोडीदार ओलेग श्ल्याखोव. दोघं लॅटव्हियाकडून खेळायचे. १९९४ च्या लिलहॅमर ऑलिम्पिकमध्ये त्यांचा आठवा नंबर आला, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. कागदावर सगळं छान दिसत होतं. पण सरावात तो तिला मारहाण करतो, असे आरोप पुढे उघडपणे झाले. त्या काळात दोघं सेंट पीटर्सबर्गला तमारा मोस्कविना या प्रशिक्षिकेकडेही काही काळ शिकले. तिथल्याच रिंकवर अंतोन सिखारुलिद्झे नावाचा मुलगा होता. तो मारिया पेट्रोव्हाबरोबर खेळायचा आणि ती जोडी १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोनदा ज्युनिअर जगज्जेती झालेली. अंतोनची एलेनाशी मैत्री झाली. मग श्ल्याखोव एलेनाला घेऊन परत रिगाला, म्हणजे लॅटव्हियाच्या राजधानीत गेला.

जानेवारी १९९६. रिगामध्ये युरोपियन स्पर्धेची तयारी चाललेली.

आता इथे थोडं तंत्र सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅमल स्पिन नावाची गिरकी असते. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय मागे कमरेइतका उंच आणि सरळ, धड पुढे आडवं, आणि या अवस्थेत भोवऱ्यासारखं फिरायचं. जोडीत ही गिरकी दोघांनी शेजारी शेजारी, एकाच लयीत घ्यायची असते. अंतर जितकं कमी तितकं ते देखणं आणि तितकेच गुण जास्त. म्हणजे परीक्षक खूश व्हावेत म्हणून दोन माणसं एकमेकांच्या जवळ उभी राहून, डोक्याच्या उंचीवर एकेक सुरा फिरवत असतात. शिवाय फिरता फिरता जागा थोडी सरकते. भोवरा कसा सरकतो, तसंच.

त्या दिवशी श्ल्याखोवच्या पायाचं पातं एलेनाच्या डोक्याला लागलं. कवटी फुटली, मेंदूला इजा झाली. तिच्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. ती वाचली, पण वाचा गेली. शरीराची उजवी बाजू नीट चालेना. वय अठरा.

अंतोन रिगाला गेला. हॉस्पिटलमध्ये तिच्याजवळ राहिला आणि नंतर तिला सेंट पीटर्सबर्गला घेऊन आला. याची लोक प्रेमकथा करतात, आणि पुढे काही काळ ते प्रेमातही होते. मला मात्र त्यातली वेगळीच गोष्ट विलक्षण वाटते. वीस वर्षांचाही नसलेला हा मुलगा. जोडी स्केटिंगमध्ये जोडीदार म्हणजे अख्खं करिअर. आणि हा पुढे जोडी कुणाबरोबर बांधतो? तर जिला शब्द पुन्हा शिकावे लागतायत, चालताना तोल सावरावा लागतोय, अशा मुलीबरोबर.

आणि तमारा मोस्कविनाने त्याला हो म्हटलं. या बाईंबद्दल खरं तर वेगळा व्हिडिओ करायला हवा. स्वतः माजी स्केटर, १९६९ ला अलेक्सेई मिशिनबरोबर जागतिक स्पर्धेत रौप्य. मग प्रशिक्षिका म्हणून १९८४, १९९२, १९९८, २००२ अशा चार ऑलिम्पिकमध्ये तिच्या जोड्यांना सुवर्ण. उंची जेमतेम, पण रिंकवर तिचा शब्द शेवटचा. अपघातानंतर काही महिन्यांतच एलेना पुन्हा बर्फावर उभी होती.

आता तारखा बघा. जानेवारी १९९६ ला अपघात. जानेवारी १९९७ ला पॅरिसमध्ये युरोपियन स्पर्धेत कांस्य. बरोबर एक वर्ष! त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत नववा नंबर, म्हणजे सगळं काही जादूसारखं झालं असं नाही. मग १९९८ ला मिलानमध्ये युरोपियन सुवर्ण आणि पुढच्याच महिन्यात नागानो ऑलिम्पिकमध्ये रौप्य. तिथे कार्यक्रम संपता संपता दोघं बर्फावर पडले, तरीही रौप्य. सुवर्ण मिळालं काझाकोव्हा आणि दिमित्रिएव्ह यांना, आणि तेही मोस्कविनाचेच शिष्य. सुवर्ण आणि रौप्य एकाच घरात. त्यानंतर १९९८ आणि १९९९, दोन्ही वर्षं एलेना आणि अंतोन जगज्जेते.

(स्क्रीनवर: १९९६ ते १९९९, वर्षं एकाखाली एक)

मग २००० मध्ये एक विचित्र प्रकरण झालं. व्हिएन्नात त्यांनी युरोपियन स्पर्धा जिंकली आणि एलेनाच्या चाचणीत स्यूडोएफेड्रिन सापडलं. सर्दी-खोकल्याच्या औषधांत असणारा हा घटक. तिने छातीच्या आजारावर औषध घेतलेलं, पण नियम तो नियम. पदक गेलं, बंदी आली, जागतिक स्पर्धाही हुकली. आणि त्या वर्षी जगज्जेतं कोण झालं असेल? मारिया पेट्रोव्हा, अंतोनची जुनी जोडीदार, आता अलेक्सेई तिखोनोव्हबरोबर. असा योगायोग कथेत लिहिला असता तर संपादकाने "जरा अतीच होतंय" म्हणून परत पाठवला असता.

या काळात मोस्कविना आणि तिचे शिष्य सरावाला अमेरिकेत होते, न्यू जर्सीत. होय, तेच न्यू जर्सी, जिथे तुमच्यापैकी निम्म्यांचा कुणी ना कुणी मामेभाऊ आहे. रशियाची सर्वोत्तम जोडी अमेरिकेत तयार होत होती, हे पुढचं ऐकताना डोक्यात असू द्या. कारण सॉल्ट लेकची गोष्ट बहुतेक वेळा "अमेरिका-कॅनडा विरुद्ध रशिया" अशी सांगतात, आणि ती इतकी सरळ नव्हती.

तर आता फेब्रुवारी २००२.

एक आकडा आधी सांगतो. १९६४ पासून प्रत्येक हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जोडी स्केटिंगचं सुवर्ण सोव्हिएत किंवा रशियन जोडीनेच जिंकलेलं. एकदाही खंड नाही. समोर होती कॅनडाची जेमी साले आणि डेव्हिड पेल्टिये ही जोडी. आदल्या वर्षी व्हँकुव्हरच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी एलेना-अंतोनला हरवलेलं. म्हणजे बरोबरीची टक्कर.

पहिल्या टप्प्यानंतर रशियन जोडी पुढे. ११ फेब्रुवारीला मुख्य कार्यक्रम. त्याआधी वॉर्म-अपमध्ये अंतोन आणि जेमी साले एकमेकांवर जोरात आदळले! दोघंही सावरले. मग रशियन जोडीने कार्यक्रम केला. शरीराच्या रेषा, दोघांमधली लय, एका हालचालीतून दुसरीत जाण्याची सफाई, सगळं वरच्या दर्जाचं. पण डबल अ‍ॅक्सेल उडीवरून उतरताना अंतोनचा पाय डगमगला. चूक स्पष्ट दिसली. नंतर कॅनडाची जोडी आली. कार्यक्रम मागच्या एका हंगामातला, लोकांना पाठ असलेला, पण एकही चूक नाही. प्रेक्षक गुण यायच्या आधीच "सिक्स! सिक्स!" ओरडायला लागले.

सिक्स का? कारण तेव्हा पूर्ण गुण म्हणजे ६.०. प्रत्येक परीक्षक दोन गुण द्यायचा, एक तंत्राला आणि एक सादरीकरणाला. पण गंमत अशी, की गुणांच्या आकड्याला स्वतःची किंमत नव्हती. त्या आकड्यांवरून त्या परीक्षकाने कुणाला पहिलं ठेवलं, कुणाला दुसरं, एवढंच मोजायचं. बेरीज सारखी आली तर मुख्य कार्यक्रमात सादरीकरणाचा गुण निर्णायक. नऊ परीक्षकांपैकी पाच जणांनी पहिलं ठेवलं की काम झालं. म्हणजे ही परीक्षा कमी आणि मतदान जास्त होतं. आणि मतदान म्हटलं की... आपण भारतीय आहोत, पुढचं मी सांगायला नको.

मतं पडली ५ विरुद्ध ४. रशिया, चीन, पोलंड, युक्रेन आणि फ्रान्स रशियन जोडीच्या बाजूने. अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि जपान कॅनडाच्या बाजूने. पाचवं मत फ्रान्सचं, आणि वाद पेटला तो तिथेच. अमेरिकन टीव्हीवरच्या समालोचकांनी तिथल्या तिथे निकाल चुकीचा ठरवून टाकला. फ्रेंच परीक्षक मारी-रेन ल गून्य हॉटेलच्या लॉबीत रडत म्हणाली, की तिच्यावर आपल्याच संघटनेचा दबाव होता: इथे रशियाला मत द्या, तिकडे आइस डान्समध्ये, म्हणजे बर्फावरच्या नृत्याच्या वेगळ्या जोडी स्पर्धेत, फ्रेंच जोडीला मत मिळेल. नंतर तिने हे विधान फिरवलं. रशियन जोडीच सरस होती आणि दबाव असलाच तर उलट बाजूचा होता, असं ती म्हणायला लागली.

चार दिवसांत निर्णय आला. फ्रेंच मत बाद, उरलं ४-४, आणि कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण. १७ फेब्रुवारीला पुन्हा समारंभ झाला. ल गून्य आणि फ्रेंच संघटनेचे अध्यक्ष दिदिए गायागे यांच्यावर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

आता माझं मत. सौदेबाजीचा वास होता, यात मला शंका नाही. पण "रशियन जोडीने ढापलेलं पदक" हे मला अजिबात पटत नाही. एक डगमगलेली उडी विरुद्ध जास्त गुंतागुंतीची रचना, यात कुणाला वर ठेवायचं हा खरोखर मतभेदाचा प्रश्न आहे. जाणकारांत तो आजही आहे. व्यवहार घाणेरडा असू शकतो आणि निकाल तरीही टिकण्यासारखा असू शकतो. दोन्ही एकाच वेळी. आणि मुख्य म्हणजे स्केटर्सवर कुणीही बोट ठेवलं नाही, त्यांचं पदक काढून घेतलं नाही. तरी त्या आठवड्यात जगभरच्या टीव्हीवर एलेनाची ओळख काय झाली? "जिला मिळायला नको होतं ती." सहा वर्षांपूर्वी जी बोलू शकत नव्हती, तिच्या सुवर्णपदकाच्या दिवशी सगळे बोलत होते ते एका परीक्षकाबद्दल.

त्यानंतर ६.० ची पद्धत गेली. आता प्रत्येक उडीला, गिरकीला ठरलेलं मूल्य असतं आणि परीक्षक ती कशी झाली त्यावर अधिक-उणे करतात. २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकपासून हीच पद्धत. मात्र सुधारणा म्हणून सुरुवातीला काय केलं माहितीये? कुठल्या परीक्षकाने किती गुण दिले हेच लपवलं. घोटाळा परीक्षकांचा, आणि उपाय म्हणून परीक्षकांनाच पडद्याआड बसवलं! नावं पुन्हा उघड व्हायला २०१६ उजाडलं. तोवर रशियाची ती १९६४ पासूनची साखळीही तुटलेली. २०१० ला चीनच्या शेन शुए आणि झाओ होंगबो यांनी तोडली. तेच, जे सॉल्ट लेकला तिसरे आलेले.

एलेना आणि अंतोन नंतर व्यावसायिक शोमध्ये गेले. तिथे त्यांच्या बरोबरीने दौरा करणारी एक जोडी होती साले आणि पेल्टिये. एकाच बसमधून, एकाच रिंकवर. भांडण त्यांचं कधी नव्हतंच.

जाता जाता एक काम देतो. या जोडीचे १९९७ नंतरचे शॉर्ट प्रोग्रॅम शोधून बघा, म्हणजे तो पहिला, छोटा टप्पा. त्या काळात त्यात शेजारी शेजारी गिरकी घेणं सक्तीचं होतं. अपघातानंतर प्रत्येक मोठ्या स्पर्धेत एलेनाला जोडीदाराच्या शेजारी उभं राहून फिरावंच लागलं. गिरकी सुरू झाली की पॉज करा, आणि दोघांमधलं अंतर बघा.

(स्क्रीनवर काळा पडदा)

काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत.