जत / वार्ताहर

[पहाट. जत बसस्थानक. गाडीतून गठ्ठे उतरतात.]

सांगली-कोल्हापूरकडून अंक आले. उजाडायच्या आत वाटायचे आहेत. गठ्ठे मोजून घेणारा हा एजंट. आतल्या पानावरची जतची बातमीही त्यानेच दिलेली. बातमीवर त्याचं नाव नाही. 'जत / वार्ताहर' एवढंच.

वृत्तपत्राच्या कार्यालयात याला स्ट्रिंगर म्हणतात. पगारपत्रकावर नसलेला बातमीदार. मिळतं ते मानधन, कुठे महिन्याचं ठरलेलं, कुठे छापून येईल तेवढ्याचं. अनेक दैनिकांत पगारी माणसाच्या बातमीवर 'प्रतिनिधी' लागतं, याच्या बातमीवर 'वार्ताहर'. वाचकाचं तिकडे लक्षही जात नाही.

[म्हैसाळ योजनेचा कालवा.]

कृष्णेचं उपसलेलं पाणी या दुष्काळी तालुक्यात कुठवर पोचलं, हे सांगलीत बसून कळत नाही. पाणी आलं तरी बातमी, नाही आलं तरी बातमी. कालव्यावर जायचं ते स्वतःच्या दुचाकीने, पेट्रोल स्वतःचं.

[जुनी पाकिटं, हस्ताक्षरातला मजकूर.]

पूर्वी बातमी एसटीने जायची. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे समास सोडायचा, पाकिटावर दैनिकाचं नाव टाकायचं आणि पाकीट सांगलीच्या गाडीत वाहकाच्या हाती द्यायचं. तिकडे स्टँडवर कार्यालयाचा माणूस थांबलेला. गाडी वाटेत बंद पडली की बातमी एक दिवस शिळी. अपघात, खून असलं काही घडलं तर एसटीडी बूथ गाठून फोनवर सांगायचं. गावांची, माणसांची नावं अक्षर-अक्षर फोडून. मग फॅक्स आला, ईमेल आला. आता कालव्याच्या काठावरच मोबाइलला बोलून बातमी टाइप करून घेतात, मध्येच 'पूर्णविराम' म्हणतात, आणि फोटोसह व्हॉट्सॲपवर डेस्कला, म्हणजे कार्यालयातल्या संपादन विभागाला. डेस्क शीर्षक देतं, चार ओळी कापतं.

[दुपार. बाजारपेठ, पावतीपुस्तक.]

दुपारचं काम जाहिरातींचं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, वर्धापनदिनाची पुरवणी, त्याचं टार्गेट. सकाळी ज्या पुढाऱ्याविरुद्ध बातमी, दुपारी जाहिरात मागायला त्याच्याच दारात. मग कोणती बातमी लिहायची राहून जाते, हे कुठल्याच अंकात छापून येत नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेला १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता, त्याला पत्रकार मानायचा. इथे एजन्सी आहे, शेती आहे, कुणाचं झेरॉक्सचं दुकान. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. पण गुन्हा नोंदवायला गेल्यावर ठाण्यात पहिल्यांदा मागतात ते ओळखपत्र, आणि ते अनेकांकडे नाही.