तो दारू प्यायलेला नाही: हंटिंग्टनच्या आजारात मेंदूत काय होतं?

राम राम मंडळी. चाळिशीतला माणूस. कापूस वेचताना बोटं मधूनच नाचतात, बोंड हातातून सुटतं. खांदा उडतो, पाय वाकडे पडतात. पारावरचे म्हणतात, "सकाळीच टाकून आला काय बे?" घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. लिंबू उतरवण्यात दोन-दोन वर्षं जातात, आणि मला याचंच फार वाईट वाटतं. कारण हा हंटिंग्टनचा आजार असू शकतो.

चौथ्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, 1993 साली सापडलेलं. त्यात सी-ए-जी ही डीएनएची तीन अक्षरं एकापुढे एक येत राहतात. ती 40 किंवा जास्त वेळा आली की आज ना उद्या आजार होतो.

आता नीट ऐका. मेंदूच्या दोन पेशींमध्ये बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरी ते टिपते. हेच त्यांचं बोलणं. मेंदूच्या खोल भागात, स्ट्रायटममध्ये, काही पेशींचं कामच नको त्या हालचाली अडवायचं. त्यांना तग धरायला बीडीएनएफ नावाचं प्रथिन मेंदूच्या वरच्या थरातून यावं लागतं. ते वाहून आणायला हंटिंग्टिन, म्हणजे वर सांगितलेल्या जनुकावरून बनणारं प्रथिन, मदत करतं. सी-ए-जी जास्त झाल्यानं हंटिंग्टिनच बिघडलं, की पुरवठा आटतो. अडवणाऱ्या पेशी आधी खचतात. कासरा सुटल्यावर बैल धुरा ओलांडून भलतीकडेच जावा, तसे हातपाय जातात.

पण पेशी मरायच्या कितीतरी आधी हे बोलणं बिघडलेलं असतं. म्हणून अंग हलायच्या आधीच काही जण चिडके होतात, उदास राहतात. बायकोला वाटतं, नवरा बदलला.

आई-बापापैकी एकाला असेल, तर प्रत्येक लेकराला 50 टक्के शक्यता. पोरगा असो की पोरगी. सोयरीक मोडेल म्हणून घरं हे लपवतात. भीती मला समजते, पण पुढची पिढी अंधारात राहते. तपासणी रक्ताची, बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूच्या मोठ्या दवाखान्यात होते. आधी समुपदेशन घ्या. ज्याला अजून काहीच त्रास नाही, त्याच्यावर तपासणीची सक्ती मात्र करू नका.

मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही. टेट्राबेनाझिन नावाच्या औषधानं हालचाली कमी होतात, आणि तेवढ्यानंही घास तोंडापर्यंत नेणं सोपं होतं. गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा, कोरडी भाकर देऊ नका, वरणात कुस्करून द्या. आणि औषध चालू असताना माणूस गप्प गप्प, उदास व्हायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.